ऑनलाइन बूट मागवावेत का? (बाबांचे रुंद पाय, शेवाळलेली पाखाडी आणि तीन रिटर्न)

पाखाडीकर | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, शिव्या घालू नका.

विषय तसा किरकोळ आहे पण आमच्या घरात त्यावरून दीड महिना धुसफूस चालू आहे. आमचं घर गुहागर तालुक्यात, वरच्या वाडीत. खाली डांबरी रस्त्याला यायचं तर पाखाडी उतरायची, ५२ पायऱ्या, सगळ्या जांभ्याच्या. गेल्या पावसात बाबा (वय ७१) तिथेच रबरी चपलेवरून सटकले आणि तीन पायऱ्या बसूनच खाली आले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून आईने एकच धोशा लावलाय, "ह्यांना बूट आणा." मिरग तोंडावर आला तरी बूट काही आले नाहीत. म्हणजे आले, तीनदा आले आणि तीनदा परत गेले.

पहिला जोड ८ नंबर मागवला कारण बाबा म्हणाले माझा आठ. ते आठ कधीचे, तर माझ्या मुंजीच्या वेळचे. त्यात करंगळी चेपली आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड (वाढलंय त्यांचं) बूट फाडून बाहेर येईल की काय असं दिसायला लागलं. मग ९ मागवला. तो रुंदीला बरा, पण टाच उचलली की पाय वर आणि बूट जमिनीवरच. तिसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीचा ८ मागवला तर तो आधीच्या ९ पेक्षा मोठा!! नंबर म्हणजे नक्की काय असतं हो?

रिटर्नची गंमत वेगळीच. "आज पिकअप होईल" असा मेसेज आला की बाबा सकाळी आंघोळ उरकून ओटीवर बॉक्स मांडीवर घेऊन बसतात. चार दिवस बसले. पाचव्या दिवशी मुलगा आला तर म्हणे ओटीपी सांगा. घरात रेंज नाही, ओटीपीसाठी सड्यावर (वरच्या माळावर) जावं लागतं. मी सड्यावर, मुलगा ओटीवर, तोवर ओटीपीची मुदत संपली.

तर प्रश्न असा की आपल्यासारख्या आडगावात राहणाऱ्यांनी बूट ऑनलाइन मागवावेत की नादच सोडावा? आणि मागवायचे तर माप कसं घ्यायचं, सोल कुठला बघायचा, शेवाळावर टिकेल असं काही असतं का? बजेट दोन हजारपर्यंत. गुहागर, शृंगारतळी फिरून आलो, रुंद पायाचं काही मिळालं नाही.

सुरमई_तवा | सोमवार, रात्री १०.०४

५२ पायऱ्या मोजल्यात म्हणजे तुम्ही एकतर शिक्षक नाहीतर पोस्टमन.

पाखाडीकर | सोमवार, रात्री १०.०९

पोस्टातच आहे :) पण पायऱ्या शाळेत असताना मोजलेल्या.

रातांबा | सोमवार, रात्री १०.३०

बूट आणि जावई, दोन्ही प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पसंत करू नयेत. माझं स्पष्ट मत, ऑनलाइन कपडे ठीक, भांडी ठीक, बूट नाही. फोटोत सगळ्यांचेच पाय गोरे आणि निमुळते असतात.

मुंबईतला_चाकरमानी | सोमवार, रात्री ११.१५

आम्ही असं करतो, पार्सल मुंबईच्या पत्त्यावर मागवायचं. इथे दुसऱ्या दिवशी येतं. मग तुतारी एक्सप्रेसने कुणी गावी जात असेल त्याच्या हातात द्यायचं. नाही बसले तर तोच माणूस परत आणतो. फक्त तोपर्यंत रिटर्नची मुदत संपते, तेवढा एक दोष आहे.

रातांबा | सोमवार, रात्री ११.१८

तेवढा एकच ना :D

चिवल्याचो_झील | मंगळवार, सकाळी ७.४०

आमच्या बापाशीन उभ्या जन्मात बूट घातलो नाय. पायताण पण लग्नाकार्याक. पायाची बोटां अशी पसरलेली की शेवाळार पण चिकटान ऱ्हवत. तुमच्या बाबांका म्हणा अनवाणी उतरा, काय एक होणा नाय. कित्याक उगाच पैशे घालवतास?

सिस्टर_देवगड | मंगळवार, सकाळी ८.५५

वरच्या प्रतिसादाशी अजिबात सहमत नाही. पाखाडीकर, बाबांना शुगर आहे का हे आधी सांगा. असेल तर अनवाणी हा शब्दसुद्धा काढू नका. शुगरवाल्यांच्या पायाची संवेदना हळूहळू कमी होते, काटा रुतला, चपलेचा खिळा वर आला तरी कळत नाही. आमच्याकडे एक आजोबा आले होते, चपलेत अडकलेला खडा दोन दिवस टाचेखाली घेऊन हिंडत होते, त्यांना वाटलं चप्पल जरा जड झालीय. जखम भरायला तीन महिने लागले.

आणि घट्ट बूट तर अनवाणी चालण्याइतकाच वाईट. करंगळी चेपतेय म्हणालात ना, तिथेच फोड येतो. अशा पायांसाठी एमसीआरच्या चपला मिळतात, आतून मऊ सच्छिद्र रबर असतं. डॉक्टरांना विचारून घ्या. बूटच हवा असेल तर पुढून रुंद, आतून शिवण न टोचणारा, आणि नवीन बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायचा, काढून पाय बघायचा, कुठे लाल झालाय का.

पाखाडीकर | मंगळवार, सकाळी ९.२०

शुगर आहे, बॉर्डरला आहे असं ते स्वतःच म्हणतात. गोळी चालू आहे. धन्यवाद ताई, हा मुद्दा डोक्यातच नव्हता.

सिस्टर_देवगड | मंगळवार, सकाळी ९.२४

गोळी चालू आहे म्हणजे बॉर्डर ओलांडून बरेच दिवस झाले.

पेठेतला_दुकानदार | मंगळवार, दुपारी ३.१०

दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून सविस्तर लिहितो. चिपळुणात चपला-बुटांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं.

नंबराचं कोडं असं आहे. आपल्याकडे जो नंबर चालतो तो यूकेचा. त्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपचा ४१, ४२ असतो त्यात एका नंबराचा फरक सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. अमेरिकेचं आणखी तिसरंच, आपला पुरुषांचा ८ तो त्यांचा साधारण ९. आता एका कंपनीचा साचा युरोपच्या मापाचा, लेबलवर जवळचा यूके नंबर छापलेला, दुसरीचा साचा मुळातच ऐसपैस. दोन्हींवर ८. म्हणून नंबर बघूच नका, सेंटिमीटर बघा. बॉक्सवर किंवा बुटाच्या जिभेला आतून लेबल असतं त्यावर सेंमी किंवा जेपी लिहिलेलं असतं, त्या बुटात किती लांब पाय मावेल ते साधारण तेच. साइटवरही "साइज चार्ट" म्हणून बारीक अक्षरात असतं, लोक तिथे बोटच लावत नाहीत.

माप घ्यायची रीत. संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय जरा फुगतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करायचं, बसवून नाही, अंगाचा भार पडला की पाय पसरतो. पेन्सिल उभी धरायची, तिरकी गेली की पाव-अर्धा सेंटिमीटर तिथेच गेला. सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा, ते अंगठाच असेल असं नाही. रुंदी बोटांच्या मागे जिथे पाय सगळ्यात फुगीर तिथली. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. मोजे घालणार असतील तर मोज्यासकट. उभं राहिल्यावर बोटांपुढे आडवा अंगठा मावेल एवढी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो. तुमच्या तर ५२ पायऱ्या.

बाबांचा पाय बहुतेक लांबीला ८ आणि रुंदीला १०, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात. त्यांना "वाइड" लिहिलेला बूट लागतो, काही कंपन्या टूई, फोरई असं लिहितात. तो न घेता नुसता नंबर वाढवला की टाच उचलते.

आता माझं रडगाणं. लोक दुकानात येतात, चार जोड घालून बघतात, लेबलचा फोटो काढतात, "घरी विचारून येतो" म्हणतात आणि ऑनलाइन मागवतात. मी बघत असतो. २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी दुकानात माळ्याला लागलं होतं, आठ दिवस नुसता चिखल काढला. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी आपणहून उधारी आणून दिली. काहींनी तर उधारी नसताना दिली. त्यातलेच काही आता फोटो काढून जातात. चालायचंच.

कोकणकन्या_ | मंगळवार, दुपारी ४.४५

काका, माहितीबद्दल आभार आणि पुराचं वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण ऐका. माझा पाय लेडीज ८. गेली पंधरा वर्षं राजापूर ते रत्नागिरी कुठल्याही दुकानात गेले की ठरलेला सीन, मुलगा पायाकडे बघतो, मग मालकाकडे बघतो, मग मालक म्हणतो "मॅडम, जेंट्समध्ये दाखवू का?" लग्नात सुद्धा साडीखाली जेंट्स सँडल घातल्यात मी, फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं पाय घेऊ नकोस म्हणून. ऑनलाइन पहिल्यांदा ८ नंबरची नाजूक पट्ट्यांची सँडल आली तेव्हा अक्षरशः डोळ्यात पाणी आलं. चार महिन्यांत पट्टा तुटला तो भाग वेगळा.

तेव्हा ज्यांचे पाय मापात बसतात त्यांनी दुकानात जावं. आमच्यासारख्यांना हाच एक मार्ग आहे.

पेठेतला_दुकानदार | मंगळवार, दुपारी ५.०२

मॅडम, मान्य. ८ नंबर लेडीज वर्षाला दोन जोड खपतात, कंपनी डझनाने घ्यायला लावते. उरलेले दहा मी घालू का?

सुरमई_तवा | मंगळवार, दुपारी ५.०६

काका तुमचा नंबर काय? :D

खाडीपलीकडचा | मंगळवार, रात्री ९.३०

माझा अनुभव लिहितो, हसू नका. मागच्या दिवाळीत स्वतःसाठी बूट मागवले. डिलिव्हरीवाल्याचा फोन, "तिठ्यावर या, आत गाडी येत नाही." तिठ्यावर गेलो, पैसे दिले, घरी येऊन बॉक्स उघडला. वरचा बूट काढला, डावा. खालचा काढला, डावा. मी पाच मिनिटं तो बूट फिरवून फिरवून बघत होतो, म्हटलं उलटा धरला की उजवा होतो काय. बायको म्हणाली घालून तरी बघा.

रिटर्न टाकलं तर नामंजूर. कारण काय तर "उत्पादन वापरलेले आढळले". अहो दोन डावे बूट वापरणार कसे? चॅटवर तेच तेच उत्तर, माणूस आहे की मशीन कळेना. शेवटी १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तिथून कळलं की ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर टाकणं त्यांना बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. सदोष किंवा भलताच माल आला तर परत घ्यायला नकार देता येत नाही. त्या अधिकाऱ्याला दोन्ही बुटांचे अंगठे एकाच दिशेला असलेला फोटो मेल केला. अकराव्या दिवशी पैसे परत.

तेव्हापासून बॉक्स उघडताना बायको व्हिडिओ काढते. पार्सलवरचा पत्ता दिसेल असा, मग पट्टी कापताना, मग बूट. एकाच दमात, मध्ये थांबायचं नाही.

घाटावरचा | मंगळवार, रात्री ९.४१

म्हणजे कुठेतरी एक माणूस दोन उजवे घेऊन बसलाय.

मुंबईतला_चाकरमानी | मंगळवार, रात्री ९.४४

तो पण असाच धागा काढून बसला असेल. ओळख करून घ्या, सोयरीक होईल.

दालदी | मंगळवार, रात्री १०.२०

पुढचं पण सांगायला हवं, हेल्पलाइनवर सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथेच. कंपनी बंगळूरची असो की गुडगावची, तुम्ही रत्नागिरीतच तक्रार करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. बुटासाठी कोण जाणार हा प्रश्न आहेच, पण जाता येतं.

निशिगंध | बुधवार, सकाळी १०.१५

रोमात (नुसतीच वाचत) होते, आता राहवत नाही. भाचीचं सांगते. मोबाइलवर जाहिरात आली, चार हजारांचे बूट ७९९ ला, वर लाल अक्षरात उलटं घड्याळ, "फक्त ९ मिनिटं शिल्लक". पैसे भरले, बूट नाही की काही नाही. साइटचं नाव एका मोठ्या कंपनीसारखंच, मध्ये एक अक्षर जास्त. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जाहिरात उघडली तर पुन्हा ९ मिनिटंच शिल्लक. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायला हवा होता, हिने घाबरून आठवडाभर कुणाला सांगितलंच नाही.

साइटवर पत्ता, फोन, परतीचे नियम काही नसेल आणि आगाऊ पैशाशिवाय दुसरा मार्ग नसेल तर तिथून लांब राहा.

जांभा_चिरा | बुधवार, दुपारी १.३०

सगळे मापावर घसरले, मूळ प्रश्नातला सोल राहिलाच. मी सह्याद्रीत भटकणारा माणूस आहे, दर पावसाळ्यात एक जोड मारतो, त्यामुळे ह्या विषयात थोडा अधिकार आहे असं समजा.

वजनाला हलके, खाली फोमसारखे दिसणारे सोल ईव्हीएचे. सुक्यात छान. ओल्या जांभ्यावर, विशेषतः महिनाभर झिजल्यावर, साबणाच्या वडीसारखे. पीव्हीसी म्हणजे स्वस्त कडक प्लॅस्टिक, त्याच्याकडे बघू पण नका. आपल्याला हवं खरं रबर. वर ईव्हीए असला तरी चालेल पण जमिनीला टेकणारा थर रबराचा, नखाने दाबला तर किंचित दबणारा, खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब, म्हणजे चिखल भरून सपाट होणार नाही. साइटवर "आउटसोल: रबर" असं लिहिलेलं असतं तिथे बघा. आणि खालून काढलेला फोटो नसेल तर तो बूट घेऊच नका.

आता खास कोकणातला धोका. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. चालायला मऊ, दिसायला दणकट, पण हवेतल्या दमटपणाने तो आतून विरत जातो. वापरला नाही तरी. माझे एक महागडे बूट कपाटात जपून ठेवलेले, तीन वर्षांनी काढले, अंगणात दहा पावलं टाकली आणि मागे वळून बघतो तर बेसनाच्या लाडवासारखा भुगा पडत आलेला. आधी वाटलं उंदीर. नंतर कळलं ह्याला हायड्रोलिसिस म्हणतात. त्यामुळे ऑनलाइन ७० टक्के सूट दिसली की खूश होऊ नका, कदाचित गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडलेला माल असतो. बॉक्सवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पार्सल आलं की आधी ते बघा, जुना असेल तर तसाच परत.

आणि एक कटू सत्य. हिरव्यागार शेवाळावर कुठलाच सोल टिकत नाही. कंपनी काहीही सांगो.

आडिवरेकर | बुधवार, दुपारी २.०५

शेवटच्या वाक्याला +१००. पाखाडीकर, राग मानू नका, पण तुम्ही पायाचा बंदोबस्त करताय आणि दुखणं पायरीचं आहे. मिरगाच्या आधी तारेच्या ब्रशने पायऱ्या खरवडा, ब्लिचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवा, धुवा. मध्ये श्रावणात पुन्हा एकदा. आमच्याकडे उताराच्या वाटेवर माडाची झापं टाकतात, सुपारीची पण चालतात. आणि एका बाजूने पाइपचं कठडं लावून घ्या, ग्रामपंचायतीला अर्ज द्या, नाही दिलं तर वाडीत वर्गणी काढा. बूट त्यानंतर.

पाखाडीकर | बुधवार, रात्री ८.४०

राग कसला, खरंच आहे. मेव्हण्याला घेऊन रविवारी खरवडतो. कठड्याचा अर्ज दोन वर्षांपूर्वी दिलाय. अर्जावरच शेवाळ आलं असेल आता.

घाटावरचा | बुधवार, रात्री ९.००

तुम्हा कोकण्यांना काय सांगायचं, आमच्याकडे करकरीत कोल्हापुरी घालतो माणूस, ना नंबर ना सेंटिमीटर, पायाला बसेपर्यंत तेल लावायचं आणि चावून घ्यायचं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या त्या प्राडा नावाच्या फॅशन कंपनीने पण मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, आपल्या लोकांनी बोंब मारल्यावर मूळ कोल्हापुरीचं आहे हे कबूल केलं.

चिवल्याचो_झील | बुधवार, रात्री ९.१२

कोल्हापुरी घेवन मालवणात जुलैत ये. चार दिवसांनी तिचो पापड जातलो.

कोकणकन्या_ | बुधवार, रात्री ९.२५

मी ऑनलाइन कोल्हापुरी घेतली होती, वर "अस्सल चामडं". पहिल्या सरीत वरचा थर सालासारखा निघाला, खाली पुठ्ठा. अस्सल तर २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली वस्तू आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले चार जिल्हे. पुठ्ठ्याला कुठलं जीआय?

दालदी | बुधवार, रात्री ९.५०

अवांतर, रुंद पायावरून आठवलं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या मार्चपर्यंत देशभरात लाखाच्या वर लोकांचे पाय थ्रीडी मशीनने मोजले. निघालं काय, तर आपले पाय युरोप-अमेरिकेपेक्षा रुंद. आपण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या साच्यात पाय कोंबतोय. त्यावरून त्यांनी "भा" नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे, भारताचा भा. तेव्हा बाबांच्या पायात दोष नाही, साच्यात आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

रातांबा | बुधवार, रात्री १०.१०

"काका, भा आठ दाखवा." दुकानदार काका, सवय करून घ्या.

वालावलची_वैनी | गुरुवार, सकाळी ११.२०

कोणी बूट वाळवण्याबद्दल लिहिलंच नाही! कोकणात बूट घेणं सोपं, वाळवणं कठीण. ओले बूट चुलीपुढे किंवा हिटरपुढे धरू नका, गोंद सुटतो आणि सोल तोंड उघडतो. आतलं इनसोल काढून वेगळं ठेवायचं, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी बदलायचे. मग फ्रिजच्या मागे. तिथे मंद ऊब असते. आमच्या फ्रिजमागे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार जणांचे बूट रांगेत असतात, पाहुणे विचारतात वास कसला येतोय. नव्या बुटाच्या बॉक्समधली ती छोटी पुडी टाकून देऊ नका, बूट ठेवून देताना आत टाका. चामड्याचे असतील तर दर आठवड्याला पुसायचे, नाहीतर हिरवी मखमल.

सुरमई_तवा | गुरुवार, सकाळी ११.३१

वर्तमानपत्र हल्ली कुणाकडे येतं? सगळं मोबाइलवर. मोबाइल भरू का बुटात?

पाखाडीकर | शनिवार, रात्री ९.१५

अपडेट. काल संध्याकाळी माप घेतलं. कोरा कागद बाबांच्या पायाला पुरेना म्हणून कालनिर्णयचं मागचं पान घेतलं, त्यावर आईचा मे महिन्याचा दुधाचा हिशेब. डावा २५.७, उजवा २६.२, रुंदी १०.८. उजवा मोठा हे त्यांना स्वतःलाही ७१ वर्षं माहीत नव्हतं. "भा" चं सांगितलं तर एकदम खूश, आता येईल-जाईल त्याला सांगतात की माझा पाय भारतीय मापाचा आहे.

साइज चार्ट बघून, वाइड, रबर आउटसोल, खालून फोटो असलेला एक जोड मागवला, १,७४९ ला. हो आणि २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून अडीच हजारपर्यंतच्या बुटांवर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी हजाराच्या वर १८ होता, त्यामुळे बजेटात बसला. पत्ता घरचा न देता तिठ्यावरच्या चहाच्या टपरीचा दिलाय, तिथे रेंज आहे.

आधी काकांकडे चिपळूणला फोन करून विचारलं होतं, रुंद ८ संपलाय म्हणाले. फोटो काढून पळालो नाही, नोंद घ्यावी.

पेठेतला_दुकानदार | शनिवार, रात्री ९.४०

घेतली नोंद. बूट आला की लगेच बाहेर नेऊ नका. घरात चटईवर घालून फिरवा, सोल कोरा राहिला तर परत घेतात. लेबल कापू नका.

पाखाडीकर | पुढचा गुरुवार, रात्री १०.०५

बूट आले. उत्पादनाचा महिना ताजा. उजवा आणि डावा, दोन्ही आहेत, खाडीपलीकडच्यांसाठी खास तपासलं. घातले आणि बाबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. करंगळीला हात लावून बघितला, टाच उचलून बघितली. मग म्हणाले, "ठेव."

पण तुमचं ऐकून मी चूक केली काका. त्यांना म्हटलं रिटर्नची मुदत १० दिवस आहे, तोपर्यंत घरातच घाला. आता रोज सकाळ-संध्याकाळ माजघरात चटईच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालू आहेत, लेबल लोंबकळत असतं. ओटीवर येत नाहीत, सोल मळेल म्हणून. आई म्हणते उभ्या आयुष्यात घरात बूट घालून हिंडणारा माणूस बघितला नव्हता, देवघराच्या बाजूला आलात तर बघा. सिस्टर, अर्ध्या तासाने बूट काढून पाय बघतो आम्ही, कुठे लाल नाही.

सिस्टर_देवगड | पुढचा गुरुवार, रात्री १०.२०

फारच छान. रोज पाय बघायची सवय मात्र बूट जुने झाले तरी सोडू नका.

रातांबा | पुढचा गुरुवार, रात्री १०.३३

माझं मत मी बदलत नाही, पण चटईवरच्या फेऱ्यांचा व्हिडिओ टाका.

पाखाडीकर | त्याच्या पुढच्या आठवड्यातला रविवार, दुपारी १२.४०

काल मुदत संपली, आज सकाळी लेबल कापलं. रात्रभर पाऊस पडून गेलेला. पायऱ्या मेव्हण्याने आणि मी आधीच खरवडल्यात, वरच्या वळणावर झापं टाकलीत, कठडं अजून अर्जातच आहे म्हणून तूर्त बांबू बांधलाय. बाबा एका हाताने बांबू धरून सगळ्या ५२ पायऱ्या उतरले, टपरीवर चहा प्यायले, परत वर आले. मी विचारलं कसे आहेत बूट? म्हणाले, "बरे आहेत. पण कुइंकुइं करतात."

पेठेतला_दुकानदार | रविवार, दुपारी ३.०५

इनसोल उचला आणि खाली टाल्कम पावडर भुरभुरवा, चिमूटभर. आवाज जाईल.

पाखाडीकर | रविवार, रात्री ८.५०

सांगितलं तसं करायला गेलो तर पावडरचा डबा जागेवर नाही. आईने लपवून ठेवलाय. म्हणते राहू दे आवाज, पाखाडीवर कुठपर्यंत पोचले ते स्वयंपाकघरात कळतं.